संस्थेची खुर्ची सोडून पुन्हा पाड्यावर: पद उतरवण्याची रीत

संस्थेचं प्रमुखपद सोडून पुन्हा गावात, पाड्यात संघटनेच्या कामाला लागायचं ज्यांनी ठरवलंय, त्यांच्यासाठी हे लिहिलं आहे. जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत अशा कितीतरी संस्था आहेत. दोन-चार कार्यकर्त्यांनी गावोगाव फिरून त्या उभ्या केल्या, आणि आज त्यांतला एक जण सचिव किंवा संचालक म्हणून अहवाल, ऑडिट आणि देणगीदारांच्या भेटी यांत अडकून पडला आहे. राजीनामा लिहायला दहा मिनिटं पुरतात. पण सही, किल्ली, ओटीपी आणि लोकांचे फोन ज्याच्याकडे, प्रमुख तोच राहतो. या चारही गोष्टी हातातून सुटायला साधारण अकरा महिने धरा.

आधी हे तपासा

थकलात म्हणून पद सोडत असाल तर आधी दोन महिने सुट्टी घ्या. पाड्यावरचं काम म्हणजे विश्रांती नव्हे. रात्री अकराला बैठक संपते आणि पहाटे पाचला कोणीतरी दार वाजवतं. एफसीआरए म्हणजे विदेशी देणगी घेण्याच्या नोंदणीचं नूतनीकरण अडकलेलं असेल, विश्वस्तांमध्ये वाद कोर्टात असेल किंवा संस्थेच्या डोक्यावर उसनवारी असेल, तर ते मिटेपर्यंत थांबा. पुढच्या माणसाच्या गळ्यात असलं ओझं बांधून निघालात तर सहा महिन्यांत परत यावं लागेल, आणि तेव्हा त्याची पत गेलेली असेल.

दुसरी गोष्ट घरची. पद गेलं की पगाराबरोबर गाडी, डिझेल आणि फोनचं बिलही जातं, हे घरच्यांना आधी कळलं पाहिजे. मागच्या सहा महिन्यांचा घरखर्च कागदावर काढा आणि कार्यकर्त्याच्या मानधनाशेजारी मांडा. फरक कुठून भरायचा हे घरात ठरल्याशिवाय कार्यकारिणीत तोंड उघडू नका.

ग्रॅच्युइटीचा हिशेब मात्र फार थोडे लोक आधी करतात. दहा किंवा जास्त कर्मचारी असलेल्या संस्थेत पगारी माणसाला ग्रॅच्युइटी मिळते ती शेवटच्या पगारावर: मूळ पगार आणि महागाई भत्ता, गुणिले १५, भागिले २६, गुणिले सेवेची वर्षं. संचालक म्हणून ३०,००० रुपये घेत वीस वर्षं झाली असतील तर हिशेब सुमारे ३,४६,००० होतो. तोच माणूस सेवा न तोडता १८,००० वर कार्यकर्ता झाला आणि वर्षभरात निवृत्त झाला, तर मागच्या वीस वर्षांचे जवळपास २,०८,००० च होतात. एका सहीत १,३८,००० गेले. म्हणून एकतर संचालकपदाचा रीतसर राजीनामा देऊन पूर्ण हिशेब घ्या आणि नव्या नेमणूकपत्रावर रुजू व्हा, किंवा आजवरच्या सेवेची रक्कम जुन्या पगारावर गोठवून देण्याचा ठराव कार्यकारिणीकडून करून घ्या. संस्थेचा पैसा खाल्ल्यासारखं वाटतं म्हणून बरेच जण हा विषयच काढत नाहीत. तो तुमचा कमावलेला हक्क आहे. मजुरांच्या हक्कासाठी भांडणाऱ्याने स्वतःचा सोडून देऊ नये.

कोणतं पद सोडायचं

बहुतेक ठिकाणी एकाच माणसाकडे दोन पदं असतात: विश्वस्त मंडळातलं सचिव किंवा अध्यक्षपद, आणि रोजचं काम पाहणारं संचालकपद. नुसतं संचालकपद सोडून विश्वस्त राहिलात तर तुमच्या वरिष्ठाचे वरिष्ठ तुम्हीच. तालुका समन्वयक तुमचं प्रवास बिल तपासताना दहा वेळा विचार करेल. शिवाय विश्वस्ताने संस्थेकडून मानधन घेतलं की ते वाजवी आहे का, असा प्रश्न आयकर खातं विचारू शकतं. निदान तीन वर्षं दोन्ही पदं सोडा. ‘संस्थापक मार्गदर्शक’ असलं नवं पद कोणी प्रेमाने पुढे केलं तरी घेऊ नका. त्या पदाला काम नसतं, पण प्रत्येक निर्णयाआधी ‘भाऊंना विचारलं का?’ हा प्रश्न त्यामुळे जिवंत राहतो.

हंगाम पाहून तारीख धरा

सातपुड्यातली, नवापूर-साक्रीकडची माणसं दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला आणि गुजरातेत मजुरीला बाहेर पडतात. कोणी होळीला परततं, कोणी आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय तृतीयेपर्यंत. पेरणीची धांदल सोडली तर होळी ते पोळा गाव भरलेलं असतं. तुम्ही नोव्हेंबरात पद सोडून पाड्यावर गेलात तर कुलूपबंद घरं आणि म्हातारी माणसं भेटतील, आणि दोन महिन्यांत मन पुन्हा कार्यालयाकडे धावेल. ३१ मार्चला पद सुटलं की हिशेबाचं वर्षही संपतं आणि माणसंही घरी असतात. १ मेची ग्रामसभा तुमची पहिली ग्रामसभा ठरते.

त्यावरून मागे मोजत या. आदल्या वर्षीच्या आखाजीला कार्यकारिणीला सांगा. पोळ्यापर्यंत ‘ओझ्याची वही’ लिहा. दिवाळीच्या सुमारास ४५ दिवसांची रंगीत तालीम घ्या. मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात सभा आणि ठराव.

ओझ्याची वही

दोनशे पानी साधी वही पुरे. जे फक्त तुम्हालाच माहीत आहे, ते सगळं तिच्यात उतरवायचं. कपाटांच्या आणि गोदामाच्या किल्ल्या, मुदत ठेवीच्या पावत्या, नोंदणीचं मूळ प्रमाणपत्र, विमा, कोर्टाच्या तारखा हे सगळे लिहितात. विसरतात ते वेगळंच. गाडीचं आरसी बुक तुमच्या नावावर आहे का? कार्यालयाचा भाडेकरार कोणाच्या नावाने झालाय? एखाद्या मित्राने अडचणीत पन्नास हजार दिले होते, त्याची नोंद हिशेबात आहे का? संस्थेचा ईमेल ज्या नंबरला जोडलाय तो नंबर कोणाचा? डिजिटल सहीचा पेन ड्राइव्ह कुठे आहे, तिची मुदत कधी संपते?

आणि शब्द. ‘पुढच्या वर्षी पगार वाढवू’ असं ड्रायव्हरला म्हटलं असेल, एखाद्या पाड्याला शाळेच्या छपराचा शब्द दिला असेल, कोणा आजीला पेन्शनच्या कागदांचं सांगितलं असेल. प्रत्येक शब्दापुढे एकच खूण करा: संस्था पाळणार, मी स्वतः पाळणार, किंवा पाळता येणार नाही. तिसऱ्या खुणेच्या माणसांना तुम्हीच जाऊन भेटा. ते नव्या माणसावर सोडू नका.

४५ दिवसांची तालीम

पुढचा माणूस बहुधा संस्थेतलाच बरा. भाषा, गावं, माणसं त्याला ठाऊक असतात. पण तो पेलू शकतो की नाही हे तुम्ही खोलीत असताना कधीच कळत नाही. म्हणून ४५ दिवस कार्यालयात जायचं नाही, संस्थेचा फोन उचलायचा नाही, व्हॉट्सअ‍ॅप गटात एक शब्द लिहायचा नाही. ४५ एवढ्यासाठी, की त्यात एक पगार, एक मासिक बैठक आणि देणगीदाराचा एखादा अहवाल हमखास येतो. या काळात जे अडलं त्याची यादी त्याने करायची, तुम्ही नाही.

यादीत पहिलं बहुतेक ओटीपीचं असतं. पगाराची सात तारीख. हिशेबनीस शहाद्याच्या कार्यालयात बँकेचं पोर्टल उघडून बसलाय. ओटीपी गेला तुमच्या नंबरवर, आणि तुम्ही धडगावच्या पलीकडे एका पाड्यावर, जिथे रेंज फक्त शाळेमागच्या टेकडीवर येते. तुम्ही टेकडी चढेपर्यंत ओटीपीची मुदत संपलेली असते. दुसरा येतो, तोही जातो. अकरा माणसांचा पगार सोमवारवर जातो, आणि सोमवारी सगळे पुन्हा तुम्हालाच फोन करतात. उपाय सोपा आहे: संस्थेच्या नावाने वेगळं सीमकार्ड घ्या, साध्या फोनमध्ये घालून कार्यालयाच्या कपाटात ठेवा, आणि बँक, आयकर, भविष्य निर्वाह निधी, दर्पण (संस्थांच्या नोंदणीचं सरकारी पोर्टल), ईमेल हे सगळं एकेक करून त्या नंबरला जोडा. याला तीन-चार आठवडे लागतात, कारण प्रत्येक ठिकाणी जुन्या नंबरवर ओटीपी घेऊनच नवा जोडता येतो. म्हणून तुमचा जुना नंबर तोवर चालू ठेवा.

कागदपत्रं

संस्थेची घटना बाहेर काढा आणि तीन गोष्टी वाचा: नेमणूक कोण करतं, सभेची सूचना किती दिवस आधी द्यायची, गणपूर्ती किती. सूचना हातोहात दिली तर वहीत सही घ्या, पोस्टाने दिली तर पावती जपा. विषयपत्रिकेत ‘ऐनवेळचे विषय’ या सदराखाली हा बदल कधीही घेऊ नका. नंतर कोणी हरकत घेतली तर तिथेच सापडतं. ठरावात राजीनामा स्वीकारल्याचा उल्लेख, नव्याचं पूर्ण नाव, पद, लागू होण्याची तारीख, सूचक, अनुमोदक आणि बँकेच्या सह्यांचा बदल असावा. बँकेसाठी वेगळा ठराव केलात तर उत्तम.

महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम २२ प्रमाणे विश्वस्तांतला बदल ९० दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयाला कळवावा लागतो. यालाच सगळे ‘चेंज रिपोर्ट’ म्हणतात. दिवस ठरावाच्या तारखेपासून मोजा, म्हणजे चुकायला नको. सोबत सभेची सूचना आणि ती पोचल्याचा पुरावा, उपस्थिती, इतिवृत्त, राजीनामा, नव्याचं संमतीपत्र, ओळखपत्र, घटनेची प्रत आणि शेड्यूल एकचा, म्हणजे धर्मादाय कार्यालयाच्या रजिस्टरमधला संस्थेचा उतारा लागतो. उशीर झाला तर विलंब माफीचा अर्ज जोडावा लागतो.

नेहमी गाडी अडते ती जुन्या चेंज रिपोर्टवर. उतारा काढल्यावर कळतं की सात वर्षांपूर्वीचा बदल अजून प्रलंबित आहे, आणि रजिस्टरवर वारलेल्या विश्वस्तांची नावं तशीच आहेत. मधली कडी तुटलेली असली की नवा बदल पुढे सरकत नाही. म्हणून उतारा अकरा महिने आधीच, म्हणजे आखाजीलाच काढा.

बँकेत दोन्ही सह्या एकदम बदलायला जाऊ नका. आधी नवी सही जोडा, तिच्यावर एक चेक वटू द्या, मगच जुनी काढा. काही शाखा धर्मादाय कार्यालयाचा आदेश आल्याशिवाय हलत नाहीत. तिथे घटनेत सही करणारा विश्वस्तच हवा असं आहे का ते पाहा. तशी अट नसेल तर कार्यकारिणीच्या ठरावावर विश्वस्त नसलेल्याला सहीचा अधिकार देता येतो.

विदेशी निधी असेल तर मुख्य पदाधिकाऱ्यांचा बदल एफसी-६ई या अर्जाने ऑनलाइन कळवायचा असतो, त्याला ४५ दिवस आहेत. स्टेट बँकेच्या दिल्लीच्या मुख्य शाखेतल्या एफसीआरए खात्याच्या सह्यांना इथल्या शाखेपेक्षा जास्त वेळ लागतो. ते काम आधी सुरू करा. सरत्या वर्षाचं ऑडिट सप्टेंबरपर्यंत चालेल. तेवढ्यापुरता ऑडिटरच्या प्रश्नांना उत्तर देण्याचा एक दिवस तुम्ही द्यायला हरकत नाही.

सुटल्यानंतरचे नियम

३१ मार्चला व्हॉट्सअ‍ॅप गटांतून बाहेर पडा. खोली रिकामी करा, नुसती खुर्ची नव्हे. भिंतीवरचे फोटो आणि सन्मानचिन्हंसुद्धा. मुख्य कार्यालय धुळ्यात किंवा शहाद्यात असेल तर तुमचं काम दुसऱ्या तालुक्यात असू द्या.

लोक फोन करतीलच. उत्तराचं वाक्य आधीच ठरवून ठेवा आणि प्रत्येकाला तेच सांगा: ‘आता हे ताई पाहतात, त्यांचा नंबर देतो.’ त्यापुढे मत द्यायचं नाही. ‘पण भाऊ, तुम्हाला काय वाटतं?’ हा प्रश्न तीनदा येतो; तिसऱ्यांदाही तेच वाक्य. देणगीदाराचा फोन आला तर तो आल्याचं त्याच दिवशी नव्या प्रमुखाला कळवा. त्यांच्याशी महिन्यातून एकदा, दीड तास, त्यांनी बोलावलं तरच बसा. चार माणसांत त्यांना एकेरी हाक मारू नका, कालपर्यंत मारत असलात तरी. तुम्ही ‘अगं’ म्हणालात की तिचा निर्णय उरलेल्यांना कच्चा वाटतो.

रजेचा अर्ज, महिन्याचं नियोजन, प्रवास बिल, सगळं इतर कार्यकर्त्यांसारखंच द्या. एसटीचं तिकीट जोडलं नाही म्हणून बिल परत आलं तर तिकीट शोधा. ते मिळेना तर तेवढे पैसे सोडा.

पाड्यावर पुन्हा

पहिले तीन महिने चार ते सहा पाडे, त्याहून जास्त नाहीत. एका दिवसात चार-पाच घरभेटी पुरे. सहाव्या घरी तुम्ही ऐकत नसता, नुसतं बसलेले असता. जीपने किंवा एसटीने जा आणि मुक्काम करा. दिवसा आलेल्या माणसाला लोक योजना विचारतात, रात्री राहिलेल्याला अडचणी सांगतात. वहीत चार रकाने: पाडा, कोण बोललं, कोण बोललं नाही, पुढची तारीख. तिसरा रकाना सर्वांत मोलाचा. तिथे बायकांची नावं जमू लागली तर बैठकीची वेळ चुकतेय, भाकरी-कालवण आटोपल्यानंतरची धरा. पावरी, भिली किंवा अहिराणी, जी त्या घरात बोलतात ती बोला. इतक्या वर्षांत अहवालाच्या मराठीने ती जिभेवरून उतरलेली असते.

लोक आधीच जिथे जमतात तिथे जाऊन बसा: आठवडे बाजार, होळीआधीचा भोंगऱ्या बाजार, सारंगखेड्याची यात्रा, कानबाईचा उत्सव, भजन. १९७२ मध्ये शहाद्याच्या भागात श्रमिक संघटना उभी राहिली, तेव्हा तिच्या आघाडीवर असलेले अंबरसिंग महाराज लोकांना भजनातून आधीच माहीत होते.

पहिली मागणी लहान घ्या, तीन आठवड्यांत सुटेल अशी: रेशन दुकान ठरल्या दिवशी उघडावं, रोजगार हमीच्या कामाच्या मागणीची तारखेसह पावती मिळावी. वर्गणी दहा रुपये का होईना, पण पावती फाडून घ्या. संस्थेच्या निधीतून चहा पाजायची सवय लागली असेल तर ती इथे मोडा. बैठकीचा चहा पाड्याचा.

मोठं काम बहुधा वनहक्काचंच निघेल. २००६ च्या कायद्याखालचा दावा नामंजूर झाला असेल तर आधी कारणासह लेखी नोटीस मागा. पुष्कळांना ती मिळालेलीच नसते. ग्रामसभेच्या ठरावाविरुद्ध उपविभागीय समितीकडे आणि तिच्या निर्णयाविरुद्ध जिल्हा समितीकडे जायला प्रत्येकी ६० दिवस असतात. नियमांप्रमाणे एकाहून जास्त पुरावे लागतात, आणि गावातल्या वडीलधाऱ्याचं लिहून घेतलेलं निवेदन हा त्यांतला एक धरला जातो. तो वडीलधारा मात्र स्वतः दावेदार नसावा. इथे गफलत फार होते. जमिनीवरचा ताबा ज्या तारखेला होता का हे कायदा पाहतो, ती १३ डिसेंबर २००५ ही तारीख निवेदनात नुसती लिहू नका, तेव्हा त्या जमिनीत काय पेरलं होतं, बांधावर कोणतं झाड होतं, शेजारी कोण कसत होतं, हे विचारून लिहा. अर्जाच्या दोन प्रती न्या. एकीवर आवक क्रमांक, शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. ती प्रत दावेदाराच्या घरी राहील, तुमच्या पिशवीत नाही.

तहसील कचेरीत एक अडचण नेमाने येते. अधिकारी तुम्हाला जुने संचालक म्हणून ओळखतात. ‘या साहेब, बसा’ म्हणून खुर्ची पुढे होते आणि ज्याचा अर्ज आहे तो दाराशी उभा राहतो. त्या खुर्चीवर अर्जदाराला बसवा. तुम्ही भिंतीशी उभे राहा आणि अर्ज त्याच्या हातात द्या. तो बोलताना अडखळला तरी मध्ये पडू नका. काय बोलायचं ते आदल्या रात्री पाड्यावर दोनदा म्हणून घेतलेलं असेल तर तिसऱ्या वाक्यापासून तो सावरतो. अधिकाऱ्याने उत्तर तुमच्याकडे बघून दिलं तर अर्जदाराकडे बघा. दोन-तीन खेपांत अधिकाऱ्याची नजरही तिकडे वळते.